मांजरांची प्रदर्शने आणि ‘जाती’ची निर्मिती

पाळीव प्राण्यांच्या जातींचा विचार करू लागले असता मांजराचे स्थान काहीसे चमत्कारिक ठरते. चार्ल्स डार्विन याने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात कबुतरे, गुरे, कुत्री यांच्या जाती मनुष्याने निवडीच्या योगाने कशा घडविल्या याचे विस्तृत विवेचन केले आहे. परंतु मांजरापाशी येऊन पोहोचताच त्याला निराळा सूर लावावा लागला. मांजर रात्री भटकते, त्याची जोडी मनुष्यास आपल्या मनाप्रमाणे जुळविता येत नाही. यास्तव स्त्रियांचे व मुलांचे ते कितीही लाडके असले तरी त्याची एखादी निराळी जात टिकवून धरलेली क्वचितच दृष्टीस पडते, आणि जी पडते ती बहुधा परदेशातून आणलेली असते, असा त्याच्या विधानाचा आशय आहे. या विधानानंतर अवघ्या बारा वर्षांनी लंडन येथे मांजरांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. आणि आज निरनिराळ्या नोंदणी-संस्था चाळिसांहून अधिक, तर काही संस्था सत्तरांहून अधिक जाती मान्य करतात. डार्विनने सांगितलेली अडचण मधल्या काळात दूर कशी झाली, या प्रश्नाचे उत्तर प्रदर्शनांच्या इतिहासात सापडते. प्रदर्शनाने आधीपासून अस्तित्वात असलेल्या जाती लोकांपुढे मांडल्या, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती बव्हंशी याच्या उलट आहे. प्रदर्शनाचे वर्ग प्रथम ठरले, त्या वर्गांची लक्षणे नंतर लिहिली गेली, आणि त्या लिखित लक्षणांना साजेसे मांजर सर्वांत शेवटी निर्माण झाले.

मराठी भाषेतील व्यवहार या दृष्टीने बोलका आहे. गाईबैलांच्या बाबतीत खिल्लार, देवणी, डांगी, गौळाऊ, लाल कंधारी ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी सहज असतात. त्या नावांमागे एखादा प्रदेश असतो, तेथील जमीन असते, औताचा किंवा दुधाचा उपयोग असतो. माळेगावच्या जत्रेत जनावर पाहणारा मनुष्य त्याचे शिंग, वशिंड, खूर व चाल पाहून जात सांगतो आणि त्यावरून मोल ठरवितो. मांजरासंबंधी असा शब्द घरोघरच्या बोलीत नाही. मांजर काळे असते, पांढरे असते, कबरे असते; ती मनी असते किंवा तो बोका असतो; याहून अधिक भेद करण्याची गरज भाषेला कधी भासली नाही. युरोपातील परिस्थितीही फारशी निराळी नव्हती. उंदीर मारणे हे मांजराचे काम, आणि त्या कामासाठी निसर्गाने त्याला आधीच सज्ज केलेले होते. मनुष्याने त्यात निवडीने काही सुधारणा करावी असे कारणच नव्हते. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इतक्या दीर्घ सहवासानंतरही घरगुती मांजर आपल्या रानटी पूर्वजापासून देहाने फारसे दूर गेलेले नाही.

प्राण्यांचे प्रदर्शन ही कल्पना मात्र मांजरांपूर्वीच रूढ झालेली होती. १७९८ साली स्थापन झालेल्या स्मिथफील्ड क्लबने पुष्ट गुरांची प्रदर्शने भरविण्यास प्रारंभ केला. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन झाले आणि पुढील काही वर्षांत इंग्लंडमध्ये कोंबड्यांचे अक्षरशः वेड पसरले. १८५९ साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. त्यात पॉइंटर व सेटर या दोनच शिकारी जातींना प्रवेश होता. वर्ग पाडणे, पिंजऱ्यास क्रमांक देणे, परीक्षकाने बक्षिसे ठरविणे आणि छापील यादी विकणे हा सारा विधी या प्रदर्शनांतून सिद्ध झाला, आणि मांजरांना तो तयार स्थितीतच मिळाला. विंचेस्टर येथील सेंट जाइल्सच्या जत्रेत १५९८ साली मांजरांचे प्रदर्शन झाले होते, असे मांजरांवरील अनेक पुस्तकांतून पुनःपुन्हा सांगितले जाते. ते खरे मानले तरी जत्रेतील त्या मौजेचा पुढील इतिहासाशी काही संबंध जोडता येत नाही. लिखित लक्षण नाही, वर्ग नाही आणि नोंद नाही, असे प्रदर्शन आजच्या अर्थाने प्रदर्शनच नव्हे.

१८७१ सालच्या प्रदर्शनाची कल्पना हॅरिसन वियर या चित्रकाराची. वियर (१८२४–१९०६) हा प्राण्यांची व पक्ष्यांची चित्रे काढण्यात निष्णात होता. कोंबड्यांच्या प्रदर्शनांचा परीक्षक म्हणूनही त्याची ख्याती होती. घरोघरी असूनही मांजराची उपेक्षा होते, त्यास लाथा व दगड मिळतात, याचे त्याला वैषम्य वाटे. मांजरे एकत्र मांडली, त्यांचे रंग व डौल लोकांनी शांतपणे पाहिले, तर त्यांच्याविषयी आदर वाढेल, असा त्याचा हिशेब होता. सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रचंड मंडपाच्या व्यवस्थापकांना त्याने ही कल्पना सांगितली व ती मान्य झाली. हा मंडप मूळचा १८५१ सालच्या जागतिक प्रदर्शनाचा. तो हाइड पार्कमधून उचलून सिडनॅमला नेण्यात आला होता. औद्योगिक मालाची पद्धतशीर मांडणी ज्या छपराखाली प्रथम झाली त्याच छपराखाली मांजरांचीही व्हावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. वर्ग कोणते असावेत, बक्षिसे किती व परीक्षण कोणत्या मुद्द्यांवर करावे, हे सर्व वियरने स्वतः लिहून दिले.

प्रदर्शन १३ जुलै १८७१ रोजी भरले. मांजरांची संख्या निरनिराळ्या वृत्तांतांत दीडशे ते पावणेदोनशेच्या आसपास दिलेली आढळते. परीक्षक तिघे होते: स्वतः वियर, त्याचा भाऊ जॉन जेनर वियर आणि मॅकडोना नावाचे एक धर्मोपदेशक. यांतील जेनर वियरकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण तो नामांकित कीटकशास्त्रज्ञ असून डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता. भडक रंगाच्या अळ्या पक्ष्यांना बेचव लागत असाव्यात व तो रंग ही जणू सूचना असावी, असा तर्क आल्फ्रेड रसेल वॉलेस याने मांडला होता. आपल्या पक्षिगृहातील पक्ष्यांपुढे अशा अळ्या ठेवून त्या तर्काची परीक्षा जेनर वियरने केली आणि तिचे निष्कर्ष १८६९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मांजराच्या जाती होत नाहीत असे ज्याने लिहिले त्याच्याच वैज्ञानिक परिवारातील एक मनुष्य मांजरांच्या पहिल्या प्रदर्शनात परीक्षकाच्या आसनावर होता. या दोन गोष्टींतील विसंगती त्या वेळी कोणास जाणवली असेल असे वाटत नाही, कारण पहिल्या प्रदर्शनात ‘जात’ ही कल्पनाच अद्याप धूसर होती.

तेथील वर्ग पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. लांब केसांची व आखूड केसांची असा एक भेद. त्याखाली पट्टेरी, काळी, पांढरी, काळ्या-तांबड्या मिश्र रंगाची असे रंगांचे भेद. शिवाय आकाराने व वजनाने मोठ्या मांजरांचा विचार. कष्टकरी लोकांच्या मांजरांसाठी बक्षिसांची निराळी सोय होती. सदरलंडच्या ड्यूकने एक रानमांजर पाठविले होते. सयामहून आलेली मांजरेही लोकांनी प्रथमच पाहिली. त्यांचा फिका देह, काळे तोंड व निळे डोळे पाहून प्रशंसेपेक्षा तिटकाराच अधिक व्यक्त झाला. वियरच्या स्वतःच्या चौदा वर्षांच्या मांजरीस बक्षीस मिळाले. परीक्षकांपैकी दोघे एकाच घरातील आणि त्यांतील एकाचे मांजर बक्षिसपात्र, यात आजच्या नियमांनुसार मोठाच प्रमाद घडला असता. त्या दिवशी मात्र त्याचे कोणास काही वाटले नाही. गर्दी अपेक्षेबाहेर लोटली, त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरे प्रदर्शन भरविण्यात आले, आणि लौकरच बर्मिंगहॅम, एडिंबरो अशा शहरांतूनही प्रदर्शने होऊ लागली.

वियरचे खरे कार्य प्रदर्शन भरविण्याहून त्याने तयार केलेल्या लक्षणांच्या कोष्टकात आहे. प्रत्येक वर्गाच्या आदर्श मांजरास शंभर गुण कल्पून ते डोके, डोळे, केस, रंग, अंगावरील चिन्हे, शेपटी, एकंदर ठेवण अशा अवयवांत त्याने वाटून दिले. १८८९ साली निघालेल्या त्याच्या ‘अवर कॅट्स’ या ग्रंथात ही कोष्टके छापलेली आहेत. वरवर पाहता हे वर्णन वाटते. वस्तुतः ही आज्ञा आहे. पट्टे कसे असावेत, डोळ्यांचा रंग कोणता असावा, हे एकदा छापले गेले की जे मांजर तसे नाही ते सदोष ठरते, आणि सदोष मांजराची पिले कोणी विकत घेत नाही. गुणांची बेरीज करण्याची ही रीत कोंबड्यांच्या प्रदर्शनांतून आली होती. परंतु कोंबडीच्या बाबतीत अंडी व मांस यांचा विचार कोठे तरी पाठीशी उभा असे. मांजराच्या बाबतीत पाठीशी काहीच नव्हते. होता तो केवळ डोळ्यांना दिसणारा आकार.

जातींची नावे कशी पडली हे पाहणे याच कारणासाठी उद्बोधक आहे. लांब केसांच्या मांजरांना प्रारंभी अंगोरा व पर्शियन अशी दोन नावे होती. ती अनुक्रमे अंकारा व इराण या प्रदेशांवरून आलेली. पुढे इंग्रज संवर्धकांनी दोहोंचा संकर केला, गोल डोके व दाट केस यांची निवड केली, आणि पर्शियन हे एकच नाव शिल्लक राहिले. राणी व्हिक्टोरियाने निळसर रंगाची पर्शियन मांजरे पाळल्यामुळे या नावास प्रतिष्ठा लाभली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत जनुकीय अभ्यासात पर्शियन मांजर इराणकडील मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातील सामान्य मांजरांना अधिक जवळचे असल्याचे दिसून आले. नाव पूर्वेचे राहिले. देह पश्चिमेत घडला.

अ‍ॅबिसिनियन या नावाची कथा मुंबईशी येऊन भिडते. १८६८ साली अ‍ॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, जी ब्रिटिश मोहीम झाली तिचा सेनापती रॉबर्ट नेपियर हा मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती होता आणि मोहिमेची सिद्धता मुख्यतः मुंबईहून झाली. सैन्य तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर झूला येथे उतरले. मोहिमेनंतर एका अधिकाऱ्याच्या पत्नीने ‘झूला’ याच नावाचे एक मांजर इंग्लंडात आणल्याचे गॉर्डन स्टेबल्स याच्या १८७४ सालच्या पुस्तकात नमूद आहे. या एका उल्लेखावर अ‍ॅबिसिनियन जातीचे मूळ रचण्यात आले. परंतु या जातीचे वैशिष्ट्य म्हणजे पट्टे नसलेली, प्रत्येक केसावर गडद व फिक्या रंगाचे आळीपाळीने वेढे असलेली कातडी. तशीच कातडी असलेले, एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात मिळविलेले पेंढा भरलेले एक मांजर नेदरलंड्समधील लायडन येथील संग्रहालयात असून त्यावरील चिठ्ठीत त्याचे मूळस्थान भारत असे दिलेले आहे. आधुनिक जनुकीय संशोधनाचा रोखही इथिओपियापेक्षा हिंदी महासागराच्या किनाऱ्यांकडे आहे. मुंबई व आफ्रिकेचा किनारा यांमधील जहाजांतून मांजरे ये-जा करीत असणे मुळीच अशक्य नाही. मोहिमेच्या गाजलेल्या नावाने एका जुन्या मांजरास नवे जन्मस्थान दिले, एवढा निष्कर्ष काढणे सुरक्षित होय.

सयामी मांजराचे मूळ याहून प्रामाणिक आहे. १८८४ साली बँकॉकमधील ब्रिटिश वकिलातीतील गोल्ड नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या बहिणीसाठी एक जोडी पाठविली आणि पुढल्याच वर्षी त्यांची पिले क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. १९०१ साली या जातीपुरती स्वतंत्र संस्था निघाली. आरंभीच्या सयामी मांजरांत तिरळे डोळे व शेपटीतील गाठ ही लक्षणे वारंवार आढळत आणि ती अस्सलपणाची खूण समजली जात. पुढे तीच लक्षणे दोष ठरविण्यात आली, आणि निवडीने ती जवळजवळ नाहीशी झाली. मांजर तेच, सयामचे राजघराणेही तेच. बदलले ते फक्त कोष्टक.

डार्विनची अडचण प्रत्यक्षात दूर केली ती नोंदवहीने. १८८७ साली इंग्लंडमध्ये नॅशनल कॅट क्लबची स्थापना झाली व वियर तिचा पहिला अध्यक्ष झाला. संस्थेने वंशावळीची नोंद ठेवण्यास आरंभ केला. आता बक्षीस मिळविणाऱ्या मांजराचे आईबाप कोण हे सांगणे आवश्यक झाले, आणि ते सांगता यावे म्हणून मांजरीस बंद जागेत ठेवणे आवश्यक झाले. जाळीच्या खोल्या, कुंपणे, पैदाशीचे निवडक बोके, त्यांच्यासाठी आकारले जाणारे शुल्क, पिलांच्या विक्रीच्या जाहिराती, ही सारी व्यवस्था विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत उभी राहिली. रात्री भटकणारे मांजर भटकेनासे झाले. कृत्रिम निवडीस जी एकच गोष्ट आडवी येत होती ती अशा रीतीने एका कुलुपाने संपली, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या बदलाची किंमत वियरच्या ध्यानात लौकर आली. सभासदांना मांजरांच्या कल्याणापेक्षा पदकांची व आपल्या नावलौकिकाची चिंता अधिक आहे, असे म्हणून तो काही वर्षांतच संस्थेतून बाजूला झाला. त्याच्यानंतर अध्यक्षपद लुई वेन या चित्रकाराकडे गेले; मनुष्यासारखी वागणारी मांजरे रंगविण्याविषयी त्याची प्रसिद्धी होती. वियरला साध्या, आखूड केसांच्या इंग्लिश मांजराचे प्रेम होते. त्याच्या डोळ्यांदेखत बक्षिसांचा ओघ लांब केसांच्या विदेशी नावांकडे वळला. घरच्या मांजराची प्रतिष्ठा वाढावी म्हणून काढलेल्या संस्थेने घरच्या मांजरास दुय्यम ठरवावे, हा या इतिहासातील सर्वांत खेदजनक भाग होय.

कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा कारभार प्रारंभी पुरुषांच्या हाती होता. मांजरांच्या बाबतीत तो हळूहळू स्त्रियांच्या हाती आला. लेडी मार्कस बेरस्फर्ड हिने १८९८ साली ‘कॅट क्लब’ ही प्रतिस्पर्धी संस्था काढली. फ्रान्सिस सिम्पसन या परीक्षिकेचा ‘बुक ऑफ द कॅट’ हा १९०३ सालचा ग्रंथ पुढे कित्येक वर्षे आधारभूत मानला गेला. सार्वजनिक जीवनात ज्यांना पद मिळणे दुर्घट होते अशा स्त्रियांना येथे चिटणीस, परीक्षक, ग्रंथकार होता आले, ही बाब सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये अशी आहे. मात्र दोन नोंदवह्या म्हणजे दोन सत्ये. एका संस्थेचे शुद्ध मांजर दुसरीस मान्य असेलच असे नाही. हा गोंधळ मिटविण्यासाठी १९१० साली निरनिराळ्या संस्थांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली आणि ब्रिटनमधील मुख्य नोंदणी आजही तिच्याकडेच आहे.

अमेरिकेत हा क्रम अधिक वेगाने घडला. क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शन पाहिलेल्या जेम्स हाइड या इंग्रज गृहस्थाने मे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रदर्शन भरविले. सर्वोत्कृष्ट ठरली ती ‘कोझी’ नावाची, मेन प्रांतातील लांब केसांची, तपकिरी पट्ट्यांची मांजरी. या मांजरांना वंशावळ नव्हती. थंड प्रदेशातील शेतघरांतून ती आपोआप वाढली होती. पुढे पर्शियन मांजरांची लाट आली व मेनची मांजरे मागे पडली. त्यांना मोठ्या संस्थेत अजिंक्यपदासाठी प्रवेश मिळण्यास १९७०चे दशक उजाडावे लागले. १९०६ साली ‘कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन’ ही संस्था निघाली. युरोप खंडात निरनिराळ्या देशांतील संस्थांचे ऐक्य दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली पॅरिस येथे घडून आले. दोन्ही महायुद्धांच्या काळात प्रदर्शने बंद होती, अन्नटंचाईत पैदास थांबली, आणि ब्रिटनमधील अ‍ॅबिसिनियनसारख्या जाती मोजक्या मांजरांवर येऊन ठेपल्या. नष्टप्राय झालेल्या अशा जातींचे पुनरुज्जीवन करताना जवळच्या नात्यांतच संबंध जुळवावे लागले, याचा परिणाम पुढे दिसणार होता.

परीक्षणाच्या पद्धतींत देशोदेशी जो भेद पडला तो केवळ तांत्रिक नाही. ब्रिटिश परंपरेत मांजराचा पिंजरा निनावी असतो. अंथरूण, पाण्याचे व मातीचे भांडे सर्व पांढरे. मालक परीक्षणाच्या वेळी दालनाबाहेर. आणि परीक्षक साहाय्यकासह पिंजऱ्यांपाशी जाऊन टिपणे लिहितो. अमेरिकन परंपरेत मांजर परीक्षकाच्या मेजावर आणले जाते आणि तो प्रेक्षकांसमोर त्याचे गुणदोष मोठ्याने सांगतो. अशी अनेक मेजे एकाच वेळी चालू असल्याने एका दिवसात अनेक निर्णय मिळतात. पहिल्या पद्धतीत निःपक्षपातास, तर दुसरीत रंगतीस प्राधान्य आहे. दोहोंतही परीक्षक मांजराची मांजराशी तुलना करतो असे दिसते. तत्त्वतः तो प्रत्येक मांजराची तुलना कागदावरील मांजराशी करीत असतो.

या नोंदवह्यांचा विज्ञानास झालेला लाभही नमूद केला पाहिजे. काळा व तांबडा रंग एकत्र असलेले मांजर बहुधा मादीच का असते, हे कोडे संवर्धकांना फार पूर्वीपासून होते. तशा रंगाच्या बोक्याच्या दुर्मीळतेचा उल्लेख वियरनेही केला आहे. लिओनार्ड डॉन्कास्टर याने १९०४ साली संवर्धकांच्या माहितीच्या आधारे या रंगाच्या आनुवंशिकतेचा विचार मांडला. तांबड्या रंगाचा घटक क्ष गुणसूत्रावर असतो. नरास असे गुणसूत्र एकच असल्याने दोन्ही रंग एकत्र येण्यास सहसा वाव नसतो. क्वचित आढळणाऱ्या अशा बोक्यांत एक जादा क्ष गुणसूत्र असते, हे १९६१ साली दाखविण्यात आले. बक्षिसाच्या आशेने ज्या बोक्याचा शोध घेतला जात असे तो अशा रीतीने गुणसूत्रशास्त्रातील एक उदाहरण होऊन बसला.

बर्मी मांजराचा वृत्तान्त तर ‘शुद्ध जात’ या शब्दाचीच परीक्षा घेतो. १९३० साली डॉ. जोसेफ थॉम्प्सन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘वाँग माउ’ ही तपकिरी मांजरी आणविली. तिच्या जोडीचा बोका उपलब्ध नव्हता, म्हणून सयामी बोक्याशी संबंध करविण्यात आला. झालेल्या पिलांच्या रंगांवरून असे निष्पन्न झाले की वाँग माउ स्वतःच संकरित होती, आणि तिच्या पोटी जी सर्वांत गडद पिले आली तीच खरी एकसारखी संतती देणारी निघाली. म्हणजे जातीची मूळ माता त्या जातीच्या व्याख्येत बसत नव्हती. अमेरिकन संस्थेने या जातीस मान्यता दिली. पण सयामीशी वारंवार संकर होतो म्हणून १९४७ साली ती मान्यता काढून घेतली आणि १९५०च्या दशकात परत दिली. याच काळात हार्वर्डमधील क्लाइड कीलर व त्यांच्या सहकारी व्हर्जिनिया कॉब यांनी सयामी व पर्शियन यांच्या संकराचे प्रयोग केले. त्यातून पुढे ‘हिमालयन’ ही जात सिद्ध झाली. भारतीय वाचकाने या नावाने फसू नये. ते पर्वतावरून नव्हे, तर तशाच रंगाच्या हिमालयन सशावरून आलेले आहे. ‘बाँबे’ नावाची काळीभोर जातही मुंबईची नव्हे; केंटकीतील लुइव्हिल येथे बर्मी व अमेरिकन मांजरांच्या संकरातून ती घडविण्यात आली, आणि भारतीय काळ्या बिबट्याची आठवण करून द्यावी एवढाच तिच्या नावाचा हेतू होता.

आता या पद्धतीचे जे परिणाम मांजराच्या देहावर झाले त्यांकडे वळले पाहिजे. वियरच्या काळातील पर्शियन मांजराची चित्रे पाहिली तर त्याचे नाक स्पष्ट दिसते. कोष्टकात ‘आखूड नाक’ असे लिहिलेले असले आणि परीक्षकास दोन मांजरांतून एक निवडावयाचे असले, की अधिक आखूड नाकाचे मांजर वर जाते. पुढील पिढीत त्याहूनही आखूड. १९३०च्या दशकात अमेरिकेत पेकिनीज कुत्र्यासारख्या चपट्या तोंडाच्या मांजरांसाठी स्वतंत्र वर्गच झाला. चपट्या तोंडाच्या मांजरास श्वास घेण्यास त्रास होतो, डोळ्यांतून सतत पाणी वाहते, दात वेडेवाकडे येतात. यात दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. शब्द सापेक्ष होता आणि त्याची मर्यादा कोणी लिहिलेली नव्हती, एवढेच कारण अनर्थास पुरले. ब्रिटिश परिषदेने पुढे नाकाच्या कातडीची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेहून वर नसावी असा नियम केला. पर्शियन मांजरांत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याच्या आनुवंशिक रोगाचे कारण असलेला जनुकीय दोष २००४ साली निश्चित झाला. चाचणी उपलब्ध झाल्यापासून दोषी मांजरे पैदाशीतून वगळणे शक्य झाले आहे.

स्कॉटिश फोल्ड या जातीत तर दोष आणि लक्षण एकच आहेत. १९६१ साली स्कॉटलंडमधील पर्थशायरमध्ये एका शेतावर कान दुमडलेली ‘सूझी’ नावाची मांजरी आढळली, आणि तिच्या वंशजांपासून ही जात निर्माण झाली. कान दुमडतो तो कूर्चेच्या विकृतीमुळे. तीच विकृती सांध्यांत असते आणि त्यामुळे वेदनादायक संधिविकार होतो. ब्रिटिश परिषदेने १९७०च्या दशकाच्या प्रारंभी तिची नोंदणी थांबविली. अमेरिकन संस्थेने त्याच दशकात तिला अजिंक्यपदाच्या स्पर्धेत घेतले. एकाच मांजराविषयी दोन नोंदवह्यांनी दिलेले हे दोन निर्णय आजही कायम आहेत. विकृतीस कारण असलेले जनुकीय परिवर्तन २०१६ साली ओळखले गेले, पण त्यामुळे वाद मिटला नाही. कारण दुमडलेला कान नको म्हटले की ती जातच उरत नाही.

बहुतेक मोठ्या प्रदर्शनांत आज आणखी एक वर्ग असतो, तो घरगुती मांजरांचा. त्यास वंशावळ लागत नाही आणि लक्षणांचे कोष्टकही नसते. केसांची स्वच्छता, प्रकृती, स्वभाव व एकंदर प्रसन्नता एवढेच परीक्षक पाहतो. येथे येणारी मांजरे बहुधा खच्ची केलेली असतात, म्हणजे त्यांना मिळालेले बक्षीस पुढील पिढीच्या देहावर काहीही परिणाम करीत नाही. वियरने १८७१ साली सामान्य घरांतील मांजरांसाठी जी योजना केली होती तिच्याशी मिळताजुळता एवढा एकच वर्ग आजच्या छापील यादीत शोधून सापडतो, आणि तो सहसा यादीच्या शेवटी असतो.